वंश, जात आणि तिरपी रेषा

अरीयपगावरील भाषणात संत पौलाने मानवजातीच्या एकत्वाचा जो सिद्धान्त मांडला (प्रेषितांची कृत्ये १७:२६), तो सेमिनरीतील विद्यार्थी पहिल्याच वर्षी शिकतात. सर्व राष्ट्रे एकापासून झाली, म्हणून वंशावंशांत उच्चनीच भाव मानणे हे पाप होय, एवढे सांगितले की विषय संपला असे अनेकांस वाटते. तो तेथे संपत नाही, हे एका पाळकाच्याच उदाहरणावरून दिसून येईल. अमेरिकेतील चार्ल्स्टन नगरीचे लुथरन पाळक जॉन बॅकमन हे सृष्टिविज्ञानाचे नामांकित अभ्यासक होते. गोऱ्यांची व काळ्यांची उत्पत्ती मुळातच वेगळी झाली असे मानणारा एक पंथ त्या काळी विद्वानांत बळावत होता. त्याचे खंडन करण्यासाठी बॅकमन यांनी १८५० साली ग्रंथ लिहिला आणि सर्व मानव एकाच प्रजातीचे आहेत असे आग्रहाने प्रतिपादिले. काही कृष्णवर्णीय तरुणांस धर्मसेवेसाठी त्यांनी तयारही केले. परंतु हेच बॅकमन गुलामगिरीचे समर्थक राहिले, आणि १८६० साली दक्षिण कॅरोलिना राज्याने संघराज्यातून फुटून निघण्याचा ठराव केला तेव्हा त्या सभेत प्रार्थना त्यांनीच केली. सर्वांचे मूळ एक मानणे आणि सर्वांनी एका पंगतीस बसणे यांचा परस्परांशी काही संबंध असावा, असे त्यांच्या मनात आलेले दिसत नाही.

मानव कोठून आला, हा एक प्रश्न. मानवसमूहांमध्ये रेषा कशी ओढली जाते, आणि कष्टाने, विद्येने किंवा द्रव्याने वर चढलेल्या माणसास ती ओलांडता येते किंवा नाही, हा अगदी वेगळा प्रश्न. धर्मोपदेशकांनी या दोहोंची गल्लत केली, तशीच मानवशास्त्रानेही केली. पहिल्या प्रश्नातून बाहेर पडून दुसऱ्याकडे वळण्यास या शास्त्राला जवळजवळ एक शतक लागले. त्या प्रवासाचा, विशेषतः त्यातील एका अध्यायाचा, परिचय येथे करून द्यावयाचा आहे.

आरंभीचा काळ मोजमापांचा होता. फिलाडेल्फियाचे वैद्य सॅम्युएल मॉर्टन यांनी शेकडो मानवी कवट्या जमवून, त्यांत प्रथम बिया व पुढे शिशाच्या गोळ्या भरून, कोणत्या वंशाच्या कवटीत किती मावते याची कोष्टके १८३९ पासून प्रसिद्ध केली. आमच्याकडे हर्बर्ट रिस्ली यांनी नाकाच्या रुंदीचे उंचीशी असलेले प्रमाण मोजले आणि जितके नाक रुंद तितकी जात खालची, असा नियमच बांधला. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्तही तेच होते. या साऱ्या खटाटोपास पहिला मोठा धक्का फ्रान्झ बोआस यांनी दिला. युरोपातून अमेरिकेत आलेली कुटुंबे व त्यांची मुले मिळून सुमारे १८ हजार माणसांची मापे त्यांनी घेतली, आणि अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या मस्तकाची ठेवण आईबापांहून काहीशी बदललेली आढळते, असे १९११ साली दाखवून दिले. वंशाचे जे लक्षण अचल समजले जात होते तेच परिस्थितीने हलते, असा याचा अर्थ होता. २००२ साली काही संशोधकांनी त्या आकड्यांची फेरतपासणी करून बदल फार अल्प असल्याचे म्हटले, तर पुढच्याच वर्षी दुसऱ्यांनी बोआस यांची बाजू उचलून धरली. तो वाद तज्ज्ञांवर सोपवू.

महाराष्ट्राच्या एका विदुषीचा उल्लेख येथे केलाच पाहिजे. इरावती कर्वे १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्यांच्या असमानतेचा अभ्यास करीत होत्या. कवटीच्या उजव्या-डाव्या बाजूंतील फरक वंशाशी निगडित असावा, अशी गुरूंची धारणा होती. शिष्येच्या मोजमापांत तसे काही निघाले नाही, आणि तिने तसे लिहिले. ज्या संस्थेत हे घडले ती पुढे नाझी राजवटीच्या वंशशुद्धीच्या कार्यक्रमात कोणत्या थरास गेली हे ठाऊक असलेल्यास या साध्या प्रामाणिकपणाचे मोल कळेल. रिस्ली यांच्या नियमाची परीक्षा गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात घेतली व उत्तर हिंदुस्थानच्या मर्यादित भागाबाहेर तो टिकत नाही हे दाखविले. घुर्ये यांनी वापरलेल्या मापांचाच आधार घेऊन डॉ. आंबेडकरांनी १९४८ साली अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे नाहीत असा निष्कर्ष काढला.

पण मापे चुकीची ठरली म्हणून रेषा पुसली गेली काय? नाही. तेव्हा रेषेचाच अभ्यास करणे प्राप्त होते. याचा पाया विल्यम ड्यू बॉईस यांनी घातला. फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात ते स्वतः घरोघर हिंडले आणि कृष्णवर्णीयांची घरे, धंदे, मिळकत, मंदिरे व मंडळे यांचे तपशीलवार वर्णन करणारा ग्रंथ १८९९ साली त्यांनी प्रसिद्ध केला. दारिद्र्य व गुन्हेगारी यांचे मूळ रक्तात नसून गुलामगिरीच्या वारशात आणि बंद केलेल्या नोकऱ्यांत आहे, हे त्यांनी पुराव्यानिशी मांडले. ते स्वतः मानवशास्त्रज्ञ नव्हते. परंतु एका वस्तीत राहून तिच्या जीवनाचा सर्वांगीण आढावा घेण्याची ही रीत मानवशास्त्राला पुढे आपलीशी वाटली.

ती रीत पुढे नेणाऱ्यांत लॉईड वॉर्नर हे प्रमुख होत. ऑस्ट्रेलियातील आदिवासींमध्ये राहून आल्यावर, ज्या दृष्टीने आपण दूरचे समाज पाहतो त्याच दृष्टीने स्वतःचा समाज का पाहू नये, असा प्रश्न त्यांनी केला आणि मॅसॅच्युसेट्समधील न्यूबरीपोर्ट या गावाचा अभ्यास हाती घेतला. तेथे त्यांना वर्गांची उतरंड आढळली. मग दक्षिणेत, जेथे गुलामगिरी नुकती दोन पिढ्यांमागे पडली होती, तेथे काय आढळेल? त्यासाठी १९३३ साली मिसिसिपी नदीकाठच्या नॅचेझ शहरी दोन दांपत्ये पाठविण्यात आली. ॲलिसन डेव्हिस व एलिझाबेथ डेव्हिस हे कृष्णवर्णीय; बर्ली गार्डनर व मेरी गार्डनर हे गोरे. सुमारे दोन वर्षे ही मंडळी तेथे राहिली. एकाच संशोधनाचे सहकारी असूनही त्यांना एकमेकांच्या घरी उघडपणे जाता येत नव्हते, एका मेजाशी बसून जेवणे तर दूरच. टिपणांची चर्चा करावयाची तर शहराबाहेरच्या आडरस्त्यांवर, मोटारीत. ज्या नियमांचा अभ्यास करावयाचा तेच नियम पाळल्यावाचून अभ्यास करणे शक्य नव्हते. त्यांचा ग्रंथ १९४१ साली निघाला, आणि या विषयावरील वाचनीय ग्रंथांत आम्ही तो आजही अग्रभागी मानतो.

या अभ्यासासाठी वॉर्नर यांनी जो शब्द निवडला तो आमच्या परिचयाचा आहे: ‘कास्ट’. गोव्यात आलेल्या पोर्तुगीजांनी येथील समाजरचना पाहून ‘कास्ता’ हा आपल्या भाषेतील शब्द तिला लावला. तेथून तो इंग्रजीत गेला, आणि चार शतकांनी मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांत पोहोचला. वॉर्नर यांची व्याख्या थोडक्यात अशी: ज्या व्यवस्थेत एका समूहातील व्यक्तीस दुसऱ्या समूहात विवाह करता येत नाही आणि खालच्या समूहातून वरच्यात जाता येत नाही, ती जातिव्यवस्था. वर्गाच्या बाबतीत दोन्ही गोष्टी घडू शकतात. हे १९३६ सालचे लेखन. याच्या बरोबर वीस वर्षे आधी, ९ मे १९१६ रोजी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चावर्गात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी आपल्या निबंधात जातीचे मर्म अंतर्विवाहातच आहे असे प्रतिपादन केले होते. अमेरिकेच्या भूमीवर, मानवशास्त्राच्याच वर्गात, जातीचे हे लक्षण सांगणारा विद्यार्थी महाराष्ट्राचा होता, ही गोष्ट आमच्या सेमिनऱ्यांत फारशी सांगितली जात नाही.

आता ज्या आकृतीवरून या लेखाचे नाव घेतले तिच्याकडे वळू. वाचकांनी कागदावर एक चौकोन काढावा. त्याच्या वरच्या भागात गोरे, खालच्या भागात काळे, आणि मध्ये आडवी सरळ रेषा: ही गुलामगिरीच्या काळची स्थिती. सर्वांत दरिद्री गोरादेखील सर्व काळ्यांच्या वर. गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली. पुढे कृष्णवर्णीयांत शिक्षक, वैद्य, दुकानदार, जमीनधारक निर्माण झाले; त्यांच्यातही वरचा, मधला व खालचा असे वर्ग पडले. तेव्हा ही रेषा काय करते? ती नाहीशी होत नाही, ती तिरपी होते. एका बाजूस ती वर उचलली जाते. परिणाम असा की सुशिक्षित कृष्णवर्णीय वैद्य हा विद्या, द्रव्य व राहणी यांत कोपऱ्यावरच्या दरिद्री गोऱ्या मजुराहून वरच्या पातळीवर असतो, पण रेषेच्या मात्र खालीच असतो. रस्त्याने जाताना त्याच मजुराला वाट करून द्यावी लागते ती त्याने. वॉर्नर यांनी पुढे असेही म्हटले की ही रेषा कालांतराने उभी राहील. म्हणजे दोन्ही बाजूंस सारखेच वर्ग, सारखीच घरे व सारखेच पदवीधर असतील. तथापि रेषा रेषाच राहील, कारण तिच्या आरपार विवाह होणार नाहीत.

सामाजिक गतिशीलतेविषयी इतके स्वच्छ विवेचन आमच्या वाचनात दुसरे आलेले नाही. एखाद्या समूहातील माणसे वर चढली म्हणजे समूहासमूहांतील अंतर आपोआप सरले, असे आपण गृहीत धरतो. चढण्याची वाट आणि ओलांडण्याची वाट या दोन वाटा आहेत. पहिली खुली असताना दुसरी बंद असू शकते. किंबहुना जो सर्वांत वर चढला त्यालाच रेषेचा काच सर्वांत अधिक जाणवतो, असे वॉर्नर यांचे निरीक्षण होते.

नॅचेझमध्ये ही रेषा कोणत्या रूपांत दिसली? मिसिसिपी राज्यात मिश्रविवाह कायद्यानेच निषिद्ध होता; असे कायदे १९६७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविले. गोऱ्यांच्या घरी काळ्याने मागच्या दाराने जावयाचे. संबोधनाचा नियम तर मराठी वाचकास विशेष उमगावा. काळ्या माणसाने गोऱ्यास आदरार्थी शब्द लावूनच बोलावयाचे. गोऱ्याने मात्र काळ्यास, मग तो वयाने वडील असो वा विद्येने श्रेष्ठ, नुसत्या नावाने हाक मारावयाची. आमच्या भाषेत ‘अरे’ आणि ‘अहो’ यांच्या वाटपात केवढा समाज भरलेला असतो हे ज्याने खेड्यात अनुभवले आहे, त्यास अधिक सांगणे नलगे. याच सुमारास त्याच राज्यातील इंडियानोला या गावी हॉर्टेन्स पावडरमेकर या गोऱ्या संशोधिका काम करीत होत्या. कृष्णवर्णीय स्त्रियांचा ‘मिसेस’ असा आदरार्थी उल्लेख करण्याचे त्यांनी ठरविले, आणि एवढ्याशा शब्दाने गावचे गोरे अस्वस्थ झाले. डेव्हिस व गार्डनर यांनी नोंदलेली एक गोष्ट मात्र उलट दिशेची आहे: जेथे पैशाचा व्यवहार असे तेथे रेषा थोडी मऊ होई. खिशात पैसे असलेल्या काळ्या गिऱ्हाइकाशी गोरा दुकानदार बऱ्यापैकी सौजन्याने बोले. बाजाराने जे थोडेबहुत वाकविले ते मंदिराने वाकविले नाही, हे ख्रिस्ती वाचकास बोचल्यावाचून राहणार नाही. मंदिरे वेगळी होती, आणि कृष्णवर्णीयांच्या मंदिरांतही पुन्हा वर्गावर्गांप्रमाणे पांगापांग होती.

धर्माविषयी पावडरमेकर यांचे म्हणणे अधिक खोल जाते. तीन पिढ्यांच्या वृत्तींत त्यांना फरक आढळला. वृद्धांपैकी अनेकांनी गोऱ्यांचे श्रेष्ठत्व मनोमन मानलेले. मधल्या पिढीने ते मानले नाही, पण मानल्याचे दाखविले. तरुणांना ते दाखविणेही असह्य झाले. पुढे १९४३ सालच्या एका निबंधात त्यांनी नम्र, सहनशील अशा कृष्णवर्णीय ख्रिस्ती मनुष्याचे विश्लेषण केले. शत्रूवर प्रीती करण्याची आज्ञा तो पाळतो, कारण ती पाळण्यात तो आपल्या छळकाहून वरचढ ठरतो आणि स्वर्गातील न्यायाची वाट पाहतो. क्रोध नाहीसा झालेला नसतो; तो वळविलेला असतो. या विश्लेषणाशी आम्ही पूर्णतः सहमत नाही. प्रीतीची आज्ञा पाळणाऱ्याच्या अंतःकरणात केवळ वळविलेला क्रोधच असतो असे म्हणणे म्हणजे कृपेचे कार्य मोजपट्टीत बसविणे होय. पण शैलप्रवचनावर उपदेश करणाऱ्याने हा निबंध एकदा वाचावाच. आपण जी सहनशीलता वाखाणतो ती कोणाच्या सोयीची आहे, हा प्रश्न त्यातून उभा राहतो.

या साऱ्या प्रतिपादनावर कडक टीका झाली ती ऑलिव्हर कॉक्स यांच्या १९४८ सालच्या ग्रंथात. त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या या कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञाचे म्हणणे असे की जात व वंश यांची सांगड चुकीची आहे. वंशभेद हा अर्वाचीन भांडवलशाहीने मजुरांच्या पिळवणुकीसाठी निर्माण केला. त्यात संघर्ष आहे. हिंदूंची जात प्राचीन व स्थिर असून खालच्यांनीही ती मान्य केलेली आहे. कॉक्स यांच्या अर्ध्या म्हणण्यात तथ्य आहे. डेव्हिस यांच्या ग्रंथात कापसाच्या अर्थव्यवस्थेचे सविस्तर वर्णन असले तरी वॉर्नर यांची आकृती ती रेषा कोणाच्या लाभासाठी टिकते हे सांगत नाही. परंतु दुसरे अर्धे महाराष्ट्रात कोणासही पटणार नाही. खालच्यांनी जात मान्य केली होती, तर मार्च १९२७ मध्ये महाडच्या तळ्याकडे लोक का चालत गेले? १९३० पासून पाच वर्षे नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दाराशी ते का उभे राहिले? त्याहीपूर्वी, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केले, ते दोन्हीकडची वेदना एक ओळखूनच ना? १९४६ साली आंबेडकर आणि ड्यू बॉईस यांच्यात झालेला अल्प पत्रव्यवहारही याच ओळखीचा. कॉक्स यांनी ग्रंथांतील जात पाहिली. आणि ते ग्रंथ कोणी लिहिले होते हे आम्हांस ठाऊक आहे.

गढवालच्या डोंगरातील एका खेड्यात राहून आलेल्या जेरल्ड बेरेमन यांनी १९६० साली कॉक्स यांना हेच उत्तर दिले. खालच्या जातींचे लोक आपले स्थान न्याय्य मानतात, हा वरच्यांचा समज आहे. विश्वास बसला की ते वेगळेच बोलतात, जसे मिसिसिपीतील काळे लोक गोऱ्यांच्या माघारी बोलत, असे त्यांचे प्रतिपादन होते. वाद त्यानंतरही चालू राहिला. इझाबेल विल्करसन यांच्या २०२० सालच्या गाजलेल्या पुस्तकाने नॅचेझची हकीकत नव्या वाचकांपुढे आणली, तेव्हा कॉक्स यांचे आक्षेपही पुन्हा वर आले.

ॲलिसन डेव्हिस यांच्या स्वतःच्या जीवनाने तिरप्या रेषेचा जो दाखला दिला तो कोणत्याही आकृतीहून बोलका आहे. १९४२ साली शिकागो विद्यापीठाने त्यांची अध्यापक म्हणून नेमणूक केली. एखाद्या मोठ्या गोऱ्या विद्यापीठात अशी पूर्ण नेमणूक मिळालेले ते पहिले कृष्णवर्णीय गणले जातात. मात्र आरंभी त्यांच्या वेतनाचा भार रोझेनवाल्ड निधीने उचलला, तेव्हाच ही नेमणूक घडून आली. तेथे त्यांनी बुद्धिमापन चाचण्यांकडे लक्ष वळविले. संगीतरचना आणि तिचा रचनाकार यांचा संबंध विचारणारा प्रश्न ज्या घरी असले संगीत वाजते त्या घरच्या मुलास सोपा, इतरांस दुर्बोध. त्यात बुद्धी कोठे मोजली गेली, असा त्यांचा सवाल होता. मॉर्टन यांच्या शिशाच्या गोळ्या गेल्या, त्यांच्या जागी प्रश्नपत्रिका आल्या, आणि तेथेही तोच गृहस्थ हरकत घेण्यास उभा राहिला. १९८३ साली ते निवर्तले.

आता थोडे घरचे. ख्रिस्तसभेच्या आत दोन रेषा एकमेकींवर कशा बसतात याचे उदाहरण गोव्याच्या इतिहासात आहे. १७८७ साली उघडकीस आलेल्या पिंटोंच्या कटात देशी धर्मगुरू पुढे होते. विद्या असूनही उच्च धर्मपदे गोऱ्यांसच मिळतात, ही त्यांची एक मुख्य तक्रार होती, आणि ती न्याय्य होती. परंतु त्या काळी देशी धर्मगुरू बहुतांशी वरच्या जातींच्या ख्रिस्ती घराण्यांतूनच घेतले जात. वरची रेषा त्यांना टोचत होती. खालची त्यांच्या दृष्टीस पडल्याचे दिसत नाही.

स्वतंत्र भारतात हाच प्रश्न कायद्याच्या रूपाने आला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या राखल्या गेल्या. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात समाविष्ट झाले, ख्रिस्ती व मुसलमान बाहेर राहिले. ख्रिस्ती धर्मात जात नाही, हा युक्तिवाद त्यामागे आहे. सिद्धान्त म्हणून तो गलतीकरांस पत्राच्या ३:२८ शी जुळतो. वस्तुस्थिती म्हणून तो तपासावा लागतो, आणि तपासताना मिशनच्या शाळांतून किती मुले शिकली, किती शिक्षक व परिचारिका झाल्या, हे आकडे पुरे पडत नाहीत. ते चढण्याचे आकडे आहेत.

ओलांडण्याचे पुरावे आमच्याच कपाटांत आहेत. प्रत्येक धर्मग्रामात विवाहांची, स्नानसंस्काराची व दफनाची नोंदवही असते. उन्हाळ्याच्या सुटीत धर्मग्रामी जाणाऱ्या सेमिनरीच्या विद्यार्थ्याने, तेथील धर्मगुरूंच्या अनुमतीने, गेल्या चाळीस-पन्नास वर्षांचे विवाह पाहावेत आणि कोणत्या आडनावांची कुटुंबे परस्परांत विवाहसंबंध करतात हे टिपावे. धर्मपिता व धर्ममाता म्हणून कोण कोणाच्या बालकाजवळ उभे राहिले हे पाहावे. मग दफनभूमीत जाऊन कोणाच्या कबरी कोणाच्या शेजारी आहेत याचा कच्चा नकाशा काढावा. नावे गुप्त ठेवावीत. डेव्हिस व गार्डनर यांना ज्या माहितीसाठी दोन वर्षे वेगवेगळ्या घरांत राहावे लागले, तिच्यातील बराचसा भाग असा महिनाभरात हाती येईल.